दुसऱ्याच्या हातासाठी माउस कसा निवडावा: मापापासून सेटिंगपर्यंत

माउस बहुतेक घरांत वापरणारा माणूस स्वतः घेत नाही. आईसाठी मुलगा घेतो, पेढीवरच्या मुनीमजींसाठी मालक घेतो, बंगळुरूला नोकरी करणारी भाची इंदूरला राजेंद्रनगरच्या पत्त्यावर काकूंसाठी ऑनलाइन मागवते. देणाऱ्याची भावना चांगली असते आणि पैसेही नीट खर्च झालेले असतात. तरी चार दिवसांनी नवा माउस खणात जातो आणि जुना, घासलेला पुन्हा टेबलावर येतो. काकू विचारणाऱ्याला सांगतात, "छान आहे हो, पण सवय नाही ना."

सवयीचा भाग असतो, पण मोठं कारण वेगळं आहे. आपण तो माउस आपल्या हातात धरून पसंत केलेला असतो. त्यातही क्रम उलटा असतो: आधी दुकान, मग रंग, मग किंमत, आणि हाताचं माप कधीच नाही. खाली दिलेल्या क्रमात दुकान सातव्या टप्प्यावर येतं. आधीचे सहा टप्पे घरीच होतात आणि त्यांना पैसा लागत नाही. ते वगळू नका.

टप्पा १: न विचारता, काम करताना बघा

"हात दुखतो का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "नाही रे, चालतंय." मोठी माणसं तक्रार करत नाहीत आणि लहानांना तक्रार नेमकी कशी सांगायची ते कळत नाही. म्हणून शेजारी बसा आणि त्यांना त्यांचं रोजचं काम करू द्या. टॅलीमधल्या नोंदी असोत, बँकेचं पान असो की नातवंडांचे फोटो बघणं असो. निदान वीस मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं कुणी बघतंय म्हणून माणूस सावरून बसतो. खरी बैठक त्यानंतर दिसते.

सर्वांत आधी पकड बघा. काहींचा पूर्ण तळहात माउसवर विसावलेला असतो आणि बोटं सरळ पडलेली असतात. काहींचा तळहाताचा मागचा भागच टेकतो आणि बोटं वाकून बटणांवर उभी राहतात. काही जण फक्त बोटांच्या टोकांनी माउस धरतात, तळहात हवेत असतो. तिघांना तीन वेगळे आकार लागतात. पहिल्याला लांब आणि मागे फुगीर, दुसऱ्याला मागे उंचवटा असलेला पण आखूड, तिसऱ्याला लहान, चपटा आणि हलका.

मग कुठला सांधा हलतो ते बघा. मनगट टेबलावर रोवून फक्त पंजा डावी-उजवीकडे फिरत असेल तर सगळा ताण मनगटावर येतो. माउस सारखा उचलून मागे आणून पुन्हा सरकवत असतील तर पॉइंटरचा वेग कमी आहे किंवा जागा अपुरी आहे. अशा वेळी नवा माउस लागेलच असं नाही.

जुना माउसही हातात घेऊन खिडकीच्या उजेडात बघा. जिथे बोट नेहमी टेकतं तिथलं प्लास्टिक गुळगुळीत होऊन चमकायला लागतं. जिथे हात कधीच लागत नाही तिथे मूळचा खरखरीत पोत राहतो आणि त्यात धूळ बसते. मागचा फुगवटा चकचकीत असेल तर तळहात टेकवणारा माणूस. फुगवटा मळकट आणि फक्त बटणांची टोकं चमकदार असतील तर बोटांच्या टोकांनी धरणारा. बटण टोकाऐवजी मध्यावर घासलेलं असेल तर माउस त्या हाताला लांब पडतो आहे, बोट पुढपर्यंत पोचत नाही. कडेला, करंगळी लागते तिथे, मळाची रेघ असेल तर करंगळी टेबलावर घासत चालली आहे, म्हणजे माउस अरुंद पडतो. एवढं वीस मिनिटांच्या निरीक्षणातही कधी कधी दिसत नाही.

> सावधान: डावखुरा माणूस माउसही डाव्या हाताने चालवतो असं धरून चालू नका. शाळेतल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माउस उजवीकडेच असतो, त्यामुळे डाव्या हाताने लिहिणारे पुष्कळ जण माउस उजव्या हाताने धरतात. प्रेमाने आणलेला डावखुऱ्यांचा माउस अशा माणसाच्या काहीच कामाचा नाही. प्रत्यक्ष बघा.

माणूस दुसऱ्या गावी असेल तर घरातल्या कुणाला तरी दोन फोटो आणि एक छोटा व्हिडिओ पाठवायला सांगा: एक फोटो बरोबर वरून, एक कडेने, आणि व्हिडिओ काम चालू असताना. जुन्या माउसचाही उजेडातला फोटो मागवा.

टप्पा २: हाताचं माप घ्या

हे माप अंदाजाने घेतलं जातं आणि तिथेच चूक होते. उंच माणसाचा हात मोठा असतोच असं नाही. शिवणाची टेप किंवा शाळेची पट्टी पुरेशी आहे.

लांबी: हात उताणा, बोटं जुळवलेली आणि सरळ. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटावरच्या पहिल्या आडव्या रेघेपर्यंत मोजा. नख वाढलेलं असेल तर नख धरू नका, मांसल टोकापासून मोजा.

रुंदी: चार बोटं जिथे पंजाला मिळतात त्या गाठींवरून आडवं मोजा, अंगठा सोडून.

ढोबळमानाने १७ सेंटीमीटरपर्यंतचा हात लहान, १७ ते १९ मध्यम आणि त्यापुढे मोठा धरा. माउसची लांबी हाताच्या लांबीच्या साधारण ६० टक्के असावी, हा ठोकताळा निवडीला सुरुवात करायला चांगला आहे. हात १६.५ सेंटीमीटर असेल तर माउस १० सेंटीमीटरच्या आसपास. हात १८.५ असेल तर ११ च्या आसपास. पूर्ण तळहात टेकवणाऱ्यांना यापेक्षा थोडा लांब चालतो, बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यांना थोडा आखूड. हा काही नियम नाही, पण यामुळे दुकानातल्या पन्नास माउसांपैकी चाळीस आपोआप बाजूला पडतात.

आता हे माप पुठ्ठ्यावर उतरवा. ज्या माउसचा विचार चालू आहे त्याची लांबी-रुंदी कंपनीच्या पानावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते. त्या मापाचा अंडाकृती पुठ्ठा कापा, टेबलावर ठेवा आणि त्या माणसाचा हात त्यावर ठेवून बघा. करंगळी बाहेर लोंबते का? मधलं बोट पुढे डोकावतं का? उंची यात कळत नाही, पण लांबी-रुंदीतली मोठी चूक लगेच उघडी पडते.

> तपासा: ऑनलाइन माहितीत लांबी, रुंदी आणि उंची नेहमी त्याच क्रमाने दिलेली नसते. काही ठिकाणी माउसऐवजी खोक्याचं माप छापलेलं असतं. साध्या माउससाठी सर्वांत मोठा आकडा १३ सेंटीमीटरच्या पुढे गेला असेल तर ते बहुधा खोक्याचं माप आहे.

भेट गुपचूप द्यायची असेल तर त्यांचा हातमोजा किंवा बांगडी यांवरून अंदाज करू नका. त्यापेक्षा लहान मुलांबरोबर कागदावर पंजा गिरवण्याचा खेळ लावा आणि त्यात त्यांचाही पंजा गिरवून घ्या. फक्त पेन्सिल उभी धरायला सांगा. तिरकी धरली तर माप काही मिलिमीटर चुकतं.

टप्पा ३: टेबल आधी दुरुस्त करा

आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कीबोर्डसाठी सरकता ट्रे असतो. तो इतका अरुंद असतो की कीबोर्ड ठेवला की माउसला जागाच उरत नाही, मग माउस वर, मॉनिटरशेजारी जातो. हात दिवसभर खांद्यापासून पुढे ताणलेला आणि कोपर अधांतरी. या स्थितीत जगातला सर्वांत महाग माउस दिला तरी खांदा दुखणारच. माउस कीबोर्डच्याच पातळीवर आणि त्याला लागून हवा, कोपर अंगाजवळ आणि जवळजवळ काटकोनात.

डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांना टेबल उंच पडतं. खुर्चीवर गादी घालून बसायची उंची वाढवा आणि पाय लोंबायला लागले तर खाली पाट द्या. टेबलाची कड धारदार असून मनगटात रुतत असेल तर माउस थोडा आत सरकवा, म्हणजे पुढचा हात टेबलावर टेकेल.

मोठ्या कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा भाग असतो आणि त्यामुळे माउस बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. आकड्यांचं काम नसेल तर त्या भागाशिवायचा आखूड कीबोर्ड घ्या. माउस बदलण्यापेक्षा कधी कधी यानेच जास्त आराम पडतो. टॅलीवर काम करणाऱ्यांना मात्र तो भाग हवाच असतो. त्यांच्यासाठी एक उपाय आहे: माउस कीबोर्डच्या डावीकडे ठेवून डाव्या हाताने चालवायची सवय. उजवा हात आकड्यांवर, डावा माउसवर. असं ठरत असेल तर दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेला माउस लागेल. ही नोंद पुढच्या टप्प्यांसाठी लिहून ठेवा.

टप्पा ४: दुखणं नेमकं कुठे आहे, त्यावरून प्रकार ठरवा

"हात दुखतो" एवढ्यावर निवड करू नका. त्यांना दुसऱ्या हाताच्या एका बोटाने नेमकी जागा दाखवायला सांगा. जागा वेगळी असेल तर माउसही वेगळा.

*मनगटाची वरची बाजू आणि पुढचा हात.* साधा माउस धरताना पंजा पूर्ण पालथा करावा लागतो, त्यात पुढच्या हातातली दोन हाडं एकमेकांवर पीळ घेतात. उभा माउस इथे उपयोगी पडतो, कारण तो हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा असतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकल आणि लिफ्ट या दोन्ही माउसांचा कोन ५७ अंशांचा आहे. त्यात लिफ्ट लहान आणि मध्यम हातांसाठी बनवलेला आहे आणि त्याची डाव्या हाताची आवृत्तीही निघते. एमएक्स व्हर्टिकल मोठ्या हाताचा. हा फरक न बघता लहान हाताच्या काकूंना मोठा उभा माउस दिला जातो, मग अंगठा ताणलेला राहतो आणि करंगळीला आधार मिळत नाही. स्वस्त उभे माउस बरेचसे एकाच, मोठ्या मापात येतात. १७ सेंटीमीटरच्या आतल्या हातासाठी ते प्रत्यक्ष धरल्याशिवाय घेऊ नका.

उभ्या माउसचे दोन तोटे दुकानदार सांगत नाही. बटण खाली न दाबता आडवं दाबावं लागतं, त्यामुळे हलका उभा माउस क्लिक करताना कडेला सरकतो आणि पॉइंटर नेमक्या जागेवरून हलतो. आणि तो उंच असल्याने कीबोर्डवरून घाईत हात नेला की धक्का लागून पडतो. फोटोंवर बारीक काम करणाऱ्यांना तो पहिल्या दिवसांत नकोसा होतो.

*अंगठ्याचं मूळ.* अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ दुखत असेल, डबा उघडताना किंवा पिळताना कळ येत असेल, तर अंगठ्याने गोळा फिरवायचा ट्रॅकबॉल (माउस जागीच राहतो, गोळा फिरवून पॉइंटर हलवतात) अजिबात देऊ नका. लॉजिटेक एर्गो एम५७५ हा अशा प्रकारचा लोकप्रिय माउस आहे. तो चांगला आहे, पण त्यात सगळं काम अंगठाच करतो. "आरामदायक" हा शब्द वाचून तो नेमका अंगठा दुखणाऱ्यालाच दिला जातो. इतका उलटा परिणाम करणारी दुसरी भेट नाही, म्हणून हे ठळकपणे सांगते आहे. अशा हाताला मधला मोठा गोळा दोन-तीन बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल द्या, किंवा अंगठ्याला नुसतं टेकायला जागा असलेला साधा रुंद माउस.

*खांदा आणि मानेची कड.* यासाठी आधी तिसरा टप्पा पुन्हा बघा. टेबल ठीक करूनही दुखत असेल तर ट्रॅकबॉलचा विचार करा, कारण तो जागचा हलत नाही आणि हात पसरावा लागत नाही. जागा कमी असलेल्या दुकानाच्या काउंटरवर किंवा गादीवर बसून बुटक्या डेस्कवर काम करणाऱ्यांनाही तो सोयीचा.

*तर्जनी.* क्लिक करून किंवा चाक फिरवून दुखणारं बोट. इथे आकारापेक्षा बटणाचा कडकपणा आणि चाक महत्त्वाचं. पुढच्या टप्प्यात बघू.

*हात थरथरतो.* हलका आणि वेगवान माउस देऊ नका. थोडा जड, रुंद बुडाचा माउस आणि कमी वेग. किंवा मोठ्या गोळ्याचा ट्रॅकबॉल, ज्याची बटणं गोळ्यापासून वेगळी असतात. आधी गोळा फिरवून पॉइंटर जागेवर न्यायचा, बोटं उचलायची, मग बटण दाबायचं. क्लिकच्या झटक्याने पॉइंटर हलत नाही.

> सावधान: अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जागं होऊन हात झटकावा लागत असेल, हातातून वस्तू सुटत असतील, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. करंगळी आणि अनामिकेत बधिरपणा असेल तर नस दुसरी, ती कोपरापाशी किंवा मनगटापाशी दबू शकते. दोन्ही वेळा आधी डॉक्टर, मग माउस. माउस हा त्यावरचा इलाज नव्हे.

टप्पा ५: वजन, बटण आणि चाक

वजनाबद्दल लोक फार कमी विचार करतात. साधा छोटा वायरलेस माउस सेलसकट साधारण ७५ ते १०० ग्रॅमचा असतो. लॉजिटेक लिफ्ट १२५ ग्रॅम, एमएक्स व्हर्टिकल १३५ ग्रॅम. माउस टेबलावर सरकतो म्हणून वजन लागत नाही असं वाटतं, पण जो माणूस तो सारखा उचलून ठेवतो त्याला हे वजन दिवसभरात शेकडो वेळा उचलावं लागतं. पहिल्या टप्प्यात उचलण्याची सवय दिसली असेल तर हलका घ्या. एक साधा एए सेल सुमारे २३ ग्रॅमचा असतो, एएए त्याच्या निम्मा. दोन सेलच्या माउसऐवजी एका सेलचा घेतला तरी फरक जाणवतो.

बटण जोर न लावता, बोटाच्या हलक्या दाबाने दाबलं गेलं पाहिजे, पण इतकं हलकंही नको की बोट ठेवलं की क्लिक व्हावं. आवाज न करणाऱ्या बटणांचे माउस रात्री काम करणाऱ्यांच्या घरात चांगले, पण ऐकू कमी येणाऱ्या किंवा नव्याने शिकणाऱ्या वृद्धांना क्लिक झालं की नाही ते कळत नाही आणि ते दोनदा-तीनदा दाबत राहतात. त्यांना टक आवाज करणारं साधं बटणच द्या.

चाकाच्या खाचा बोटाला स्पष्ट जाणवल्या पाहिजेत. एक्सेलमध्ये लांबच लांब तक्ते बघणाऱ्याला मात्र खाचा बंद करून मोकळं फिरणारं चाक मिळालं तर तर्जनीचा खूप त्रास वाचतो.

कडेची जादा बटणं हा देणाऱ्याचा मोह असतो. वृद्धांच्या अंगठ्याखाली ती चुकून दाबली जातात, उघडलेलं पान मागे जातं आणि भरलेला फॉर्म पुसला जातो. ज्याला ती लागत नाहीत त्याच्यासाठी ती नसलेला माउस निवडा.

टप्पा ६: वायर, डोंगल की ब्लूटूथ

एका जागी असलेल्या कॉम्प्युटरला वायरवाला सर्वांत बिनधोक. सेल संपत नाही, जोडणी तुटत नाही. वायर ताठ नसावी, एवढंच बघा. ताठ वायर माउसला मागे ओढते आणि बोटं ती ओढ नकळत धरून ठेवतात.

डोंगलवाला, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा बिनवायरचा माउस घेतलात तर त्यांच्या लॅपटॉपला तशा आकाराची जागा आहे का ते आधी बघा. बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपना फक्त सी-टाइप जागा असते. डोंगल यूएसबी ३ च्या जागेत, चालू हार्डडिस्कच्या शेजारी लावला तर माउस अडखळतो, कारण त्या जोडणीचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये मिसळतो. डोंगल दुसऱ्या बाजूला लावला की बहुतेक वेळा भागतं. ब्लूटूथमध्ये डोंगल हरवायची भीती नाही, पण जोडणी तुटली तर पुन्हा जोडून देणारा माणूस घरात लागतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना मी ब्लूटूथ सुचवत नाही.

टेबलावर पारदर्शक काच असेल तर साधा ऑप्टिकल माउस त्यावर चालत नाही. एक साधा कापडी पॅड सोबत घ्या, महाग माउस घ्यायची गरज नाही.

टप्पा ७: आता दुकान

इंदुरात आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरच्या सामानाची दुकानं एकाला लागून एक आहेत. एका फेरीत बरेच प्रकार हाताळता येतात. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी जाऊ नका. दुकानदाराला वेळ नसतो आणि तुम्हाला नेमका त्याचा वेळ हवा आहे. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी माउस आहे त्यांना बरोबर न्या. नाहीच जमलं तर त्यांच्या हाताच्या मापाच्या जवळ जाणारं घरातलं दुसरं कुणी न्या. तुमचा हात आणि दुकानदाराचा हात, दोन्ही यात साक्षीदार म्हणून चालत नाहीत.

जाताना खिशात कागद असू द्या: हाताची लांबी-रुंदी, पकड, कुठला हात, दुखण्याची जागा, टेबलाचा प्रकार. सरळ विचारा: "भैया, डेमो पीस है क्या? हाथ में पकड़के देखना है।" पॅक फोडायला बहुतेक दुकानदार तयार नसतात, आणि ते बरोबरच आहे. पण लोकप्रिय माउसचा वापरातला एखादा नमुना काउंटरवर किंवा त्यांच्याच बिलिंगच्या कॉम्प्युटरला असतो.

माउस हातात मिळाला की असं करा. डोळे मिटून हात त्यावर ठेवा. बोटं आपोआप बटणांवर पडली पाहिजेत, शोधावी लागू नयेत. मग हात तसाच ठेवून पकड पूर्ण सैल सोडा. माउस निसटला किंवा बोटांना परत आवळून धरावं लागलं तर आकार जुळत नाही. मग दहा-पंधरा वेळा क्लिक करा, चाक वर-खाली फिरवा, माउस उचलून ठेवा. शेवटी करंगळी बघा: ती टेबलावर घासते आहे की माउसच्या कडेला विसावली आहे?

> तपासा: पैसे देण्याआधी विचारा, "हाताला बसला नाही तर बदलून मिळेल का, आणि किती दिवसांत?" बिघाडाची वॉरंटी आणि न आवडल्यास बदलून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी "हां हां, ले आना" यावर थांबू नका, बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेत असाल तर परत पाठवण्याची शेवटची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा.

टप्पा ८: देताना सेटिंग करूनच द्या

चांगला माउस चुकीच्या वेगामुळे परत येतो, हे फार वेळा घडतं. १००० डीपीआयचा अर्थ असा की माउस एक इंच सरकला की पॉइंटर, विंडोजच्या मधल्या वेगावर, सुमारे १००० बिंदू सरकतो. नेहमीचा स्क्रीन १९२० बिंदू रुंद असतो, म्हणजे दोन इंचांत पॉइंटर या टोकाचा त्या टोकाला जातो. १६०० केलं तर सव्वा इंच पुरतो. तरुणाला ते छान वाटतं, आजोबांचा पॉइंटर मात्र सारखा स्क्रीनच्या कोपऱ्यात हरवतो. वृद्धांसाठी ८०० ते १००० वर सुरुवात करा.

विंडोजमध्ये हे एवढं बघा:

सेटिंग्जमधल्या माउसच्या पानावर पॉइंटर स्पीड. एका वेळी थोडाच बदला आणि प्रत्येक बदलानंतर त्यांना एक फोल्डर उघडायला सांगा. त्याच भागात पुढे "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" असतं. ते चालू असलं की माउस जोरात हलवल्यावर पॉइंटर जास्त पळतो. हात थरथरणाऱ्यांसाठी ते बंद करून बघा.

डबल क्लिकचा वेग कमी करा. "डबल क्लिक होत नाही" ही तक्रार बहुतेकदा बोटांची नसते, या सेटिंगची असते. फाइल ओढताना बटण दाबून धरणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी क्लिकलॉक चालू करा: बटण थोडा वेळ दाबलं की ते अडकून राहतं आणि पुन्हा क्लिक केलं की सुटतं.

ॲक्सेसिबिलिटीत पॉइंटर मोठा आणि गडद रंगाचा करा. पॉइंटर शोधण्यासाठी माउस गरगर फिरवणं बंद होतं आणि हाताचं बरंच काम वाचतं.

डाव्या हाताने चालवायचं ठरलं असेल तर बटणांची अदलाबदल करायची की नाही ते त्यांनाच विचारा. घरातला दुसरा कुणी तोच कॉम्प्युटर उजव्या हाताने वापरत असेल तर अदलाबदलीने दोघांचाही गोंधळ होतो.

टप्पा ९: पहिले दोन आठवडे

जुना माउस लगेच काढून घेऊ नका. नवा माउस पहिल्या दिवशी थोडा वेळ, निवांत कामासाठी, मग हळूहळू जास्त. साध्या आकाराची सवय दोन-तीन दिवसांत होते. उभ्या माउसला किंवा ट्रॅकबॉलला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. जीएसटीचं रिटर्न भरायच्या आठवड्यात किंवा परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी नवा माउस हातात देऊ नका. घाईत हात जुन्याकडेच जातो आणि नव्यावर शिक्का बसतो.

तीन-चार दिवसांनी पुन्हा शेजारी बसा आणि पहिल्या टप्प्यासारखंच न विचारता बघा. हात अवघडलेला, हळू चालतो आहे पण दुखत नाही, तर ती सवयीची गोष्ट आहे, थांबा. आधी नसलेलं दुखणं नव्या जागी सुरू झालं असेल, अंगठ्यात, करंगळीत किंवा खांद्यात, तर ती सवय नव्हे. आकार चुकला आहे. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत परत करा, आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा: "काकू, हा तुमच्या हाताचा नाही, दुसरा आणू." नाहीतर भेट देणाऱ्याचं मन राखायला माणसं दुखणं सोसत राहतात.

नवा माउस रुळला की जुना आणि त्याचे संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. इंदूरच्या कचरागाडीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असतो, त्यात द्या. देण्याआधी जुन्या माउसच्या पोटातलं झाकण एकदा उघडून बघा. डोंगल ठेवायची जागा तिथेच असते, आणि घाईत नव्या माउसचा डोंगल जुन्याच्या पोटात ठेवला जातो.